कडबा कुणाचा? बैलांचा की मातीचा?

गेल्या मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आपल्या इकडच्या एळ्ळ अमावास्येला, एका विद्यार्थ्याच्या घरच्या शेतावर जेवणाचा योग आला. धारवाडच्या पूर्वेकडील ते काळे रान. शाळू पोटरीला आला होता आणि जमिनीला बोट शिरेल एवढ्या भेगा पडू लागल्या होत्या. मी नुकतेच वाचलेले ज्ञान पाजळले : "काढणीनंतर कडबा इथेच पसरावा, नांगर घालू नये, म्हणजे ओल टिकते." त्यावर तो आठवीतला मुलगा म्हणाला, "सर, मग आमची बैलं काय खातील?" मी निरुत्तर झालो. हा लेख त्या प्रश्नाच्या शोधातून लिहिला आहे.

प्रथम आच्छादनाचे कार्य पाहू. उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब आदळला की मातीचे कण फुटतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहते. काडीकचऱ्याचा थर हा मार स्वतः सोसतो, उन्हाची झळ अडवतो व बाष्पीभवन कमी करतो. त्याखाली गांडुळे व सूक्ष्म जीव वाढतात आणि कुजण्यातून निघणाऱ्या चिकट द्रव्यांनी मातीचे कण बांधले जातात. उलट, वारंवार नांगरल्याने मातीतला सेंद्रिय अंश हवेच्या संपर्कात येऊन लवकर संपतो.

मग आपले पूर्वज चुकले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. 'कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' ही म्हण अनुभवाची आहे. कोळप्याने भेगा बुजतात व भुसभुशीत मातीचेच आच्छादन होते. १९३० नंतरच्या दशकात सोलापूर व विजापूर येथील संशोधन केंद्रांतून जी कोरडवाहू शेतीची 'मुंबई पद्धत' सिद्ध झाली, तिच्यातही बांधबंदिस्ती, विरळ पेरणी आणि कोळपणी यांवरच भर होता. त्याच दशकात अमेरिकेत नांगरलेली माती वादळांनी उडून गेली आणि १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी आपल्या पुस्तकातून नांगरालाच आव्हान दिले.

तथापि केवळ नांगर सोडल्याने उत्पन्न वाढत नाही. 'नेचर' या नियतकालिकात २०१५ साली ६३ देशांतील प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नांगरणीविना उत्पन्न सरासरीने ५.७ टक्के घटल्याचे त्यात आढळले. परंतु कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत, नांगरणी टाळण्याला पीक-अवशेषांचे आच्छादन आणि पिकांची फेरपालट यांची जोड मिळाली, तेथे उत्पन्न ७.३ टक्के वाढले. आपल्या बयलुसीमेला लागू पडणारा हाच भाग होय.

यातही एक सावधगिरी हवी. कडब्यासारख्या काडात कर्ब फार व नत्र थोडे असते. ते कुजवणारे जीव मातीतलेच नत्र उचलतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. म्हणून आरंभीची वर्षे नत्राची मात्रा थोडी वाढवावी आणि शाळूनंतर हरभऱ्यासारखे द्विदल पीक घ्यावे.

आता बैलांचा प्रश्न. त्याचे उत्तर मला कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांच्या विचारात सापडले. जमिनीवरच्या काडीपेक्षा जमिनीतली मुळे व बुडखे जागच्या जागी कुजू देणे अधिक मोलाचे, असे ते सांगतात. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रूढ केलेल्या पद्धतीतही गादीवाफे न मोडता मुळे तशीच ठेवतात. मात्र दोघांच्याही पद्धतीत तणनाशकाचा आधार घेतला जातो, हे ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, कडबा बैलांनाच द्यावा. पण शाळू वीतभर उंचीवर कापावा आणि धसकटे उपटून चुलीत घालू नयेत. जमिनीचा निदान ३० टक्के भाग झाकलेला असावा, असा दंडक आहे. तेवढे काम धसकटांनी भागणार नाही. त्यासाठी करडईचे काटेरी काड, सूर्यफुलाची ताटे, उसाचे पाचट अशा, जनावरे सहसा न खाणाऱ्या वस्तू आहेत. आपण त्या बहुधा काडी लावून मोकळे होतो!

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याच्या वडिलांनी बांधाकडेचा एक पट्टा न नांगरता राखण्याचे कबूल केले आहे. कमी आले तर त्यांचे धान्य जाईल, माझे नव्हे, याची मला जाणीव आहे. म्हणूनच, वाचकहो, मीही एका पट्ट्यापेक्षा अधिक मागितले नाही.