पहिला दशांश

अंजनवेलच्या गोपाळगडावर परवा पुष्कळ वर्षांनी गेलो. खाली वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळते, पलीकडे दाभोळ. अलीकडे एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला, तेव्हा मी याच तालुक्यात एका बँकेत अधिकारी होतो.

प्रकल्पावर नगरकडचा एक ख्रिस्ती फिटर होता. पगार झाला की तो पहिल्यांदा दहावा हिस्सा काढी, मंडळीसाठी आणि अडल्यानडल्यासाठी. मग रिकरिंगचा हप्ता. मी एकदा म्हटले, "अहो, आधी बचत, मग दानधर्म. पैशावरची सगळी पुस्तकं हेच सांगतात."

तो हसला. "साहेब, आधी दिलं की उरलेलंही आपलं नाही हे ध्यानात राहतं. मग जपून वापरतो."

मला ते भाबडेपण वाटले.

७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. नव्वद डॉलरपर्यंत चढलेला शेअर एका डॉलरखाली आला. निवृत्तीची पुंजी त्याच शेअरमध्ये ठेवलेले कर्मचारी उघड्यावर पडले. अध्यक्ष केनेथ ले बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव; २००६ मध्ये न्यायालयात दोषी ठरले. धर्म नुसता घरात असून भागत नाही.

मी तरी काय शहाणा? त्याच सुमारास पुस्तकी धाडसाने, पत्नीला न विचारता, निम्मी शिल्लक मी शेअर बाजारात घालवली होती.

फिटर खाते बंद करायला आला. मुलीच्या फीची काळजी चेहऱ्यावर दिसत होती. तरी रिकरिंगच्या रकमेतला दहावा हिस्सा त्याने वेगळा मोजला. कँटीनच्या पोऱ्याचीही नोकरी गेली होती, त्याच्यासाठी.

बायबलात कोठारे वाढवणारा धनवान त्याच रात्री मरतो. पण धन्याचे पैसे जमिनीत पुरणाऱ्या चाकरालाही बोल बसतो: निदान व्याजाने तरी ठेवायचे होतेस! म्हणजे हिशेब तिथेही आहे. फक्त मालक वेगळा.

तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलेले रेव्हरंड ना. वा. टिळक याच जिल्ह्यातले. त्यांच्या हाती पैसा ठरत नसे. त्याची झळ लक्ष्मीबाईंना कशी लागे, ते 'स्मृतिचित्रे'त वाचावे. फिटरने दशांशाबरोबर रिकरिंगही सांभाळले, ते म्हणूनच मोलाचे.

आता पेन्शन जमा झाली की मी पहिला दशांश बाजूला काढतो. हिशेबाची वही मात्र पत्नीच्या हाती आहे.