खोलीचं भाडं आणि शहराचा नकाशा

कॉलेजजवळ खोली शोधताना भाडं ऐकून घाम फुटलाय ना? त्याचं एक मूळ शहराच्या विकास आराखड्यात असतं. कुठे घरं, कुठे मैदान, कुठे वसतिगृह, हे साधारण वीस वर्षांसाठी त्यात ठरतं.

‘आपल्याला काय त्याचं?’ म्हणू नका. २०१५मध्ये मुंबईच्या आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा लोकांनी नकाशे उघडून चुका शोधल्या, हजारो हरकती नोंदवल्या. सरकारला मसुदा नव्याने करायला सांगावं लागलं. सुधारित आराखडा २०१८मध्ये लागू झाला.

राज्यात कायद्यानेच हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तुमच्या शहराचा मसुदा येईल तेव्हा आपला वॉर्ड शोधा. कागदावरचं मैदान जागेवर आहे का, वसतिगृहाला जागा ठेवलीय का, बघा. मुदतीत लेखी कळवा. कट्ट्यावरच्या कुरकुरीची नोंद कुठेच होत नाही!