विस्मृतीची कथा आणि वाचकाची स्मृती : ‘बिफोर आय गो टू स्लीप’वरील काही आक्षेप

एस. जे. वॉटसन या इंग्रज लेखकाची ‘बिफोर आय गो टू स्लीप’ ही पहिली कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. २०१४ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. सत्तेचाळीस वर्षांची क्रिस्टिन रोज सकाळी जागी होते तेव्हा शेजारचा पुरुष तिला अनोळखी असतो. तो आपला नवरा बेन आहे, हे तिला त्याच्याच तोंडून आणि न्हाणीघरातील आरशाभोवती चिकटवलेल्या छायाचित्रांवरून कळते. रात्रीच्या झोपेबरोबर ही ओळख पुन्हा पुसली जाते. डॉ. नॅश यांच्या सल्ल्याने ती गुपचूप रोजनिशी लिहू लागते आणि तिच्या आरंभी, बेनवर विश्वास ठेवू नये, अशी सूचना स्वतःच्याच अक्षरात तिला आढळते.

या रहस्यकादंबरीविषयी वाचकांत तीव्र मतभेद आहेत. सर्वाधिक आक्षेप विश्वसनीयतेवर घेतला जातो. नवऱ्याची नजर चुकवून लिहिणारी स्त्री पानेच्या पाने संवाद शब्दशः कशी नोंदवील? आक्षेप रास्त आहे, पण नवा नाही. रिचर्डसनच्या ‘पामेला’तील (१७४०) नायिकेच्या अखंड पत्रलेखनाची फील्डिंगने ‘शामेला’त (१७४१) याच मुद्द्यावर खिल्ली उडवली होती. पत्र वा रोजनिशी हे कथनाचे माध्यम झाले की हा संकेत वाचकाला मान्य करावाच लागतो.

वैद्यकीय आक्षेप अधिक विचारार्ह आहे. वॉटसन यांनी ज्यांचे ऋण मान्य केले आहे ते दोन रुग्ण क्रिस्टिनसारखे नव्हते. १९५३ मधील मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन यांना लक्ष विचलित होताच ताजा अनुभवही आठवत नसे. १९८५ मध्ये मेंदूज्वराने स्मृती गमावलेले संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांचीही रोजनिशी होती. परंतु आपण आत्ताच प्रथम जागे झालो आहोत, असे ते तीत पुन्हा पुन्हा लिहीत आणि आधीची नोंद खोडून टाकीत. अक्षर आपले आहे हे त्यांना मान्य असे, मजकूर नसे. क्रिस्टिन मात्र आपल्या अक्षरावर विसंबते. वैद्यकशास्त्राशी घेतलेली ही फारकत कादंबरीची पूर्वअट आहे. वेअरिंग यांच्यासारख्या नायिकेला कथानक असूच शकत नाही. तिला फक्त क्षण असतात.

मधल्या भागातील पुनरावृत्ती अनेकांना कंटाळवाणी वाटते. येथे वाचकाच्या भूमिकेकडे दुर्लक्ष होते. बेनच्या आजच्या आणि मागच्या सांगण्यातील विसंगती क्रिस्टिनला रोजनिशी उघडेपर्यंत कळू शकत नाही. वाचकाला ती तत्क्षणी जाणवते. तिची हरवलेली स्मृती वाचक वाहत असतो, आणि हे ओझे काही वेळा कंटाळ्याच्या रूपाने जाणवते. याऊस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते येथे निर्णायक ठरते : कोडे सोडवायला आलेल्याला हा विलंब वाटतो, मनोविश्लेषणाची अपेक्षा असणाऱ्याला तोच आशय वाटतो.

‘रहस्य आधीच ओळखले’ असे अभिमानाने सांगणारा वाचक मात्र थोडक्यावर समाधान मानतो. बेन म्हणून वावरणारा पुरुष हा क्रिस्टिनवर जीवघेणा हल्ला करणारा तिचा पूर्वीचा प्रियकर माइक आहे, हे कळल्यावर मागचे प्रत्येक पान बदलते. तिने दिलेली प्रत्येक संमती फसवून मिळवलेली ठरते. भारतीय अभ्यासकाला येथे शकुंतला आठवणे साहजिक आहे. आदिपर्वातील दुष्यंताला सारे स्मरते, तरी तो तिला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप योजून हा दोष सौम्य केला आणि ओळखीचा पुरावा अंगठीवर सोपवला. तेथे विसरणारा सत्ताधारी आहे आणि पुरावा देण्याचे दायित्व स्त्रीवर येते. वॉटसन यांच्या कादंबरीत विसरणारी स्त्रीच आहे, आणि ओळखीच्या खुणा, म्हणजे ती निवडक छायाचित्रे, पुरुषाच्या ताब्यात आहेत. शापाच्या जागी त्याच पुरुषाची हिंसा आहे.

शेवटावरील नाराजी मात्र मान्य करावी लागते. ब्रायटनच्या हॉटेलातील आग आणि खऱ्या बेनशी व मुलाशी घडणारी भेट यांत लेखकाची घाई दिसते. इतका वेळ संशयावर पोसलेल्या वाचकाला हे पुनर्मीलन सहज पचत नाही. त्या रात्री क्रिस्टिन डोळे मिटते तेव्हा उद्या तिला काय आठवेल, हे वॉटसन सांगत नाहीत.