ऑडिटच्या आठवड्यातला बुधवार

पहाटे पावणेसहा. फोनवर आलेला पहिला फोटो जीपच्या भाड्याचा. वहीचं फाडलेलं पान, त्यावर ‘बाळंतीण, वाडी ते वेल्हे, जाऊन-येऊन’, खाली रक्कम आणि त्याखाली अंगठा. अंगठा कोणाचा ते लिहिलेलं नाही. फोटो पाठवणाऱ्या कार्यकर्तीला मी फोन लावते. “ताई, डायवरचाच हाय की तो.” मग तसं लिहा, तारीख घाला, गाडीचा नंबर घाला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. “दोन कुठनं आणू? रातचं तीन वाजलं हुतं.” बरोबर आहे तिचं. एका सहीवर भागवू म्हणते. सीएसाहेबांशी काय बोलायचं ते मी बघेन.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत ट्रस्टचे हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यायचे आणि आयकराचा १०बीबी फॉर्मही ३० तारखेपर्यंत भरायचा. मुदत वाढणार अशी कुजबुज दरवर्षी होते, पण कुजबुजीवर विसंबून कोणी फाइल मिटवत नाही. मी भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या काही छोट्या संस्थांचे हिशेब, ठराव, अर्ज आणि अहवाल सांभाळते. यातली एक कातकरी वस्त्यांवर काम करते, एक बायकांच्या गटांतून रक्तक्षयाच्या मागे लागली आहे, एक निवृत्त शिक्षकांची आहे आणि ती रुग्णांना पुण्याच्या दवाखान्यात पोहोचवते. माझ्या हातून आजवर एक गोळीही कोणाला गेलेली नाही. तरी या संस्थांचे कागद लटकले की गोळीही लटकते, हे मला आता चांगलं कळलंय.

साडेसातला भोरमधून निघते. पावसाने उसंत दिली आहे, डोंगरउतारावर सोनकी पिवळी झाली आहे आणि भात पोटरीत आलं आहे. वाटेत भाटघर. १९२८ साली पूर्ण झालेलं हे धरण अजून काठोकाठ भरतं आणि त्याचं पाणी नीरेच्या दोन कालव्यांनी बारामती-इंदापूर आणि फलटण-माळशिरसच्या उसाला जातं. जलाशयाच्या वरच्या अंगाला, भुतोंड्याकडच्या खोऱ्यात, पाणीच पाणी आहे आणि दवाखाना मात्र पाण्याला वळसा घालून गाठावा लागतो. पुणे जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठमोठी रुग्णालयं येतात. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर होती, वेल्ह्याची अवघी ५४ हजार. सरासरी काढली की वेल्हं त्यात दिसतही नाही.

नऊ वाजता नसरापूर. शिक्षकांच्या संस्थेची भाड्याची खोली, दोन कपाटं, एक प्रिंटर. आजचा पेच औषधाचा नाही, सहीचा आहे. संस्थेचे खजिनदार उन्हाळ्यात वारले. बँकेत दोघांची सही लागते, त्यातली एक त्यांची. नवा खजिनदार निवडल्याचा ठराव झाला, पण बँक म्हणते धर्मादाय कार्यालयात बदल नोंदवल्याचा कागद आणा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो वेळेत दाखल केला आहे, पण त्यावर आदेश व्हायचा आहे. दरम्यान खात्यात पैसे आहेत आणि रुग्णांना घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याला दोन महिने मानधन नाही. तो काही बोलत नाही, म्हणूनच अवघड होतं. गुरुजी मात्र बोलतात. “बाई, आम्ही पस्तीस वर्षं हजेरीपट लिहिला. एवढी कागदं शिक्षण खात्यानंही मागितली नव्हती.”

मी बँकेसाठी अर्जाचा मसुदा करते. चेंज रिपोर्टची पोच, ठरावाची प्रत आणि मृत्यूचा दाखला जोडते आणि तोवर केवळ मानधन व प्रवासखर्चापुरती उरलेल्या एका सहीवर उचल द्यावी अशी विनंती लिहिते. कधी ऐकतात, कधी नाही. ते बरंचसं काउंटरमागच्या माणसावर असतं. शिवाय एक नवी गुंतागुंत आहे. वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. आता ट्रस्टच्या नोंदीत वेल्हे, पॅनकार्डावर वेल्हे आणि नव्या लेटरहेडवर उत्साहाने छापलेलं राजगड. नावाबद्दल मला अभिमान आहे, लेटरहेडबद्दल नाही.

साडेदहा ते बारा प्रवास. आंबवणे, करंजावणे, मार्गासनी, विंझर. या पट्ट्यात ज्ञान प्रबोधिनीने उभे केलेले बायकांचे बचत गट आहेत, आणि गावात एखादी नवी गोष्ट रुजवायची तर आधी त्यांच्याकडे जावं लागतं, हे इथे काम करणारा कोणीही सांगेल. बचतीच्या बैठकीत हिमोग्लोबिन तपासायला बाया बसतात. तेच शिबिर मंडप घालून लावलं तर येत नाहीत. मंडपात नाव पुकारलं जातं, बैठकीत आपल्या शेजारणीचाही आकडा आठच आलेला असतो.

बारा वाजता वेल्हे. तहसील कचेरीजवळच्या सेतू केंद्रात शिक्षकांच्या संस्थेचा तोच कार्यकर्ता भेटतो, मानधन न मिळालेला. सोबत एक बाप, त्याच्या मुलीवर पुण्यात शस्त्रक्रिया आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ प्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. हे रुग्णालयाच्या भिंतीवर लिहिलेलंही असतं. पण भिंत वाचायला आधी तिथे पोहोचावं लागतं, आणि वाचल्यावर खिशात उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य रंगाचं रेशनकार्ड असावं लागतं. शहरातला गरीब माणूस संध्याकाळी घरी जाऊन कागद आणतो. वेल्ह्याच्या पलीकडच्या माणसाचे त्यात दोन दिवस जातात, दोन दिवसांची मजुरी जाते आणि कधीकधी खाटही जाते. कार्यकर्त्याचं काम म्हणजे हे दोन दिवस वाचवणं. तो पुण्यातल्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला फोन करतो, कागदाचा फोटो आधी पाठवतो, बापाला कुठल्या दाराने जायचं ते सांगतो. याचा दर कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

डबा एका आशाताईंबरोबर खाल्ला. त्यांच्याकडे एकाच महसुली गावाच्या पाच वाड्या आहेत. आशा नेमायची ती साधारण हजार लोकसंख्येमागे एक. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजारांपर्यंतचा अबंधित निधी मिळतो तोही गावाला, वाडीला नाही. उपकेंद्र सपाटीवर ५ हजारांना तर डोंगरी भागात ३ हजारांना, प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३० हजारांना तर डोंगरात २० हजारांना. म्हणजे डोंगराची दखल घेतली आहे, नाही असं नाही. पण माणसं मोजण्याची पद्धत तीच ठेवली आहे. ५४ हजारांना २० हजारांनी भागलं की उत्तर तीनच्या आत येतं आणि कागद समाधानी होतो. पासलीच्या पुढे, केळदच्या अंगाला राहणाऱ्या बाईला त्या भागाकाराचा काही उपयोग नाही. आशाताई लोणचं वाढत म्हणाल्या, “आमच्याकडं मानसं थोडी अन चालनं लई.” पाचव्या वाडीला ओढा ओलांडून जावं लागतं, पावसाळ्यात दोर धरून.

अडीच वाजता कातकरी वाडी. गाडी खाली लावून वर चढून गेले. चौदा घरं.

इथली कार्यकर्ती याच वाडीची, चोवीस-पंचवीसची. दहावीला गणित राहिलं. तिच्या वहीत प्रत्येक पोराचं नाव, दंडाचा घेर, लसीची तारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘भट्टी कुठली’. हा शेवटचा रकाना तिने स्वतः आखलेला आहे, कोणाच्या नमुन्यात नव्हता. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला उठते ती थेट पावसाच्या तोंडाला परतते. या महिन्यांत पोरगं इथल्या अंगणवाडीच्या नोंदीत ‘स्थलांतरित’ असतं आणि तिथल्या अंगणवाडीच्या नोंदीत कुठेच नसतं. ती मुकादमाचा नंबर लिहून ठेवते, जिथे वाडी जाणार त्या गावच्या आशेला फोन करते, लसीच्या कार्डाची झेरॉक्स आईच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये शिवून देते. आज ती दंडाला पट्टी लावत होती. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर म्हणजे तीव्र कुपोषण. एका पोराची पट्टी त्या खुणेवरच थांबली. तिने पुन्हा लावली, मग आईशी हळू आवाजात बोलत बसली. मी हिशेबाची वही पुढे न करता थांबले.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. तरी लाभ जमातीकडे बघून मिळेल असं नाही. पुणे जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्र आहे आंबेगाव-जुन्नरकडे. भोर-वेल्हे त्यात नाही. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली अशा आदिवासी क्षेत्रांसाठी आली. तिथली बाई जेवते, इथली त्याच जमातीची बाई नकाशाच्या रेघेबाहेर. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनने ही रेघ थोडी पुसली, कारण ती योजना जमातीच्या मागे जाते. पण योजना आली तरी आधार, जातीचा दाखला, १९५०च्या आधीचा पुरावा असे प्रश्न वाडीला एकटीने सुटत नाहीत. ज्या आजोबांचा जन्म कुठल्या भट्टीवर झाला हेच घरात कोणाला आठवत नाही, त्यांच्याकडून पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा कागद मागायचा.

म्हणून ही चोवीस वर्षांची मुलगी लागते. तिच्या मानधनाला मोठी संस्था लागत नाही, पण नियमित येणारे पैसे लागतात. आणि ते मिळणं गेल्या काही वर्षांत अवघड झालंय. पूर्वी परदेशी देणगी मिळवणारी मोठी संस्था त्यातला वाटा अशा छोट्यांना द्यायची. त्यासाठी छोटीलाही नोंदणी लागे, पण परदेशी देणगीदार स्वतः शोधावा लागत नसे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीने हा पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर सरसकट बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैशावर नजर हवी याबद्दल माझं दुमत नाही, माझं पोटच नजरेवर चालतं. पण नळ बंद करताना शेवटच्या टोकाची तोटी आधी कोरडी पडली. उरला कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. त्यासाठी १२ए आणि ८०जीची नोंदणी हवी, तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास हवा आणि सीएसआर-१ फॉर्म हवा. तीन वर्षं काम करायला पैसे कुठून आणायचे, ते फॉर्ममध्ये नाही.

साडेचार. फाट्यावर रेंज येते आणि फोन थरथरतो. वाडीच्या कामासाठी जिच्याकडे सीएसआर मागितलाय, त्या कंपनीचे अधिकारी. माणूस सज्जन, घाईत. “मॅडम, कॉस्ट पर बेनिफिशिअरी फार जास्त दिसतेय. हायवेच्या बाजूची गावं घेतली तर?” हायवेच्या बाजूला खेड शिवापूर आहे, कापूरहोळ आहे, दर चार पावलांवर डॉक्टरची पाटी आहे. तिथे शिबिर घेतलं तर एका दिवसात शेकड्यांनी नावं भरतील आणि फोटोही चांगले येतील. मी म्हणते, संध्याकाळी मेल करते. चौदा घरांमागे एक जीप म्हणजे दरडोई खर्च भरमसाट असणारच. आरोग्यातली दरी मोजण्याचं तेच तर माप आहे. ज्या वाडीचा दरडोई खर्च कमी येतो, तिथे बहुधा आपण जायची गरजच उरलेली नसते.

परतीच्या वाटेवर एका जुन्या कार्यकर्त्यांकडे दहा मिनिटं थांबते. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने आणि पुण्यासह पाच जिल्ह्यांत. त्या वेळचे तक्ते त्यांनी जपून ठेवले आहेत: हिरवा, पिवळा, लाल. गावाने बसून आपल्याला मिळणाऱ्या सेवेला रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे तो ठेवायचा. “लाल दिला की डॉक्टर रागवायचे,” ते हसतात, “पण पुढच्या वेळी ते बरं करून दाखवायचेपण.” मला ते तक्ते अहवालात हवेत. झेरॉक्स द्यायला ते तयार नाहीत, फोटो काढू देतात.

सात वाजता घर. भाताला कुकर लावून पुण्याच्या सीएंना फोन. ते या संस्थांकडून नावापुरती फी घेतात आणि त्या बदल्यात मनसोक्त ओरडतात. जीपची पावती एका सहीवर चालेल, पण सोबत दवाखान्यातल्या नोंदीची प्रत जोडा, म्हणाले. म्हणजे उद्या पुन्हा फोन.

पावणेनऊला मेल लिहायला बसते. कंपनीच्या नमुन्यात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत असा रकाना आहे. ही मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापनाचा खर्च त्यात धरायचा नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. पण वरून खाली येताना तो आकडा छोट्या संस्थेच्या गळ्यात पडतो आणि कोणी काढत नाही. मी परिपत्रक जोडते. मागणी तीनच गोष्टींची लिहिते: कार्यकर्तीचं तीन वर्षांचं मानधन, जीपचं भाडं आणि ऑडिटची फी. पोषणाची किट, टी-शर्ट, बॅनर काहीही नको. ‘लाभार्थी संख्या’ या रकान्याखाली आणखी एक रकाना घालते, ‘वर्षातले किमान फेरे’, आणि शेवटी मुलीच्या वहीतल्या त्या चौथ्या रकान्याचा फोटो लावते.

साडेनऊला उत्तर. परिपत्रकाबद्दल आभार, कायदा विभागाला दाखवतो, फेऱ्यांची कल्पना चांगली आहे. लाभार्थ्यांचा आकडा तेवढा थोडा वाढवता येईल का?

मी लिहिते: घरं चौदाच आहेत. दिवाळीनंतर तीही भट्टीवर जातील, तेव्हा पहिला हप्ता त्याआधी हवा.