दायमाबादचा हत्ती किती जुना?

हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ. चार ओतीव वस्तू, मिळून वजन 60 किलोंहून जास्त. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे 1974 साली एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना हा ऐवज लागला. ताम्रपाषाणयुगातल्या महाराष्ट्रात तांबं म्हणजे चपटी कुऱ्हाड, बांगडी, मणी, फार तर गळ. तिथे हा अर्ध्या क्विंटलहून जास्त धातू कुणी आणि कशासाठी ओतला?

रथ सुमारे 45 सेंटिमीटर लांब आहे. हाकणारा उभा, पुढे लांबलचक दांडा, त्या दांड्यावर चक्क एक कुत्रा आणि टोकाला बैल. कारागिराला कुत्र्याची काय गरज पडली कोण जाणे, पण तो नसता तर रथ निम्मा बेचव झाला असता. गेंडा आणि रेडा चाकांवर आहेत. हत्तीच्या चौथऱ्याखाली आस घालायला भोकं आहेत; चाकं मात्र हरवली. ही खेळणी म्हणावीत तर उचलणाऱ्या पोराची कंबर मोडेल! मिरवणुकीत ओढत नेत असतील, हा अंदाज जास्त पटतो.

वाद आहे तो वयाचा. धातुतज्ज्ञ डी. पी. अग्रवाल यांना या धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आढळलं. ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही, तेव्हा हा ऐवज बराच नंतरचा, ऐतिहासिक काळातला असावा, अशी शंका त्यांनी काढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी तो उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळाचाच मानला. हडप्पा संस्कृतीच्या काही वस्तूंत आर्सेनिक सापडतं, हेही विसरून चालत नाही.

मग प्रयोगशाळेत वय काढून भांडण मिटवत का नाहीत? कारण तांब्याला कार्बन-14 लागू पडत नाही. त्याला लाकूड, हाड, कोळसा असं एकेकाळी जिवंत असलेलं काही लागतं. पोकळ मूर्ती ओतताना आत मातीचा गाभा ठेवतात. तो भाजला गेल्यापासून मातीतल्या स्फटिकांत किती ऊर्जा साठली, हे थर्मोल्युमिनेसन्सने मोजून अनेक मूर्तींचं वय काढता येतं. दायमाबादच्या वस्तू भरीव आहेत. ज्या सढळ हाताने धातू वापरला, त्यानेच ही वाट बंद केली. शिशाच्या समस्थानिकांवरून धातू कोणत्या खाणीतला याचा माग काढता येतो, पण खाणीचा पत्ता म्हणजे ओतल्याची तारीख नव्हे.

उरतो तो जमिनीतला थर. इथे वस्तू आधी बाहेर आल्या, उत्खनक नंतर पोहोचले. एस. आर. राव यांनी 1974-75 मध्ये खोदकाम केलं, पुढे 1979 पर्यंत एस. ए. साळी यांनी. साळींना सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर मिळाले. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मातीच्या गोल मुद्राही निघाल्या. म्हणजे त्या काळात प्रवरेकाठी हडप्पा परंपरेची माणसं होती, एवढं पक्कं. पण हा हत्ती त्यांनीच ओतला, हे मुद्रा सांगत नाहीत.

तरीही माझा कौल ढवळीकरांकडे झुकतो. मोहेंजोदारोच्या प्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रेवर ध्यानस्थ आकृतीभोवती हत्ती, गेंडा, रेडा आणि वाघ आहेत. दायमाबादला यांतले तीन मिळाले, वाघ तेवढा नाही. केवळ चित्रांच्या साम्यावर निकाल देऊ नये, हे कबूल. निकाल लागायचा तर अशीच एखादी ओतीव वस्तू, कोळशासकट, न हललेल्या थरात पुरातत्त्वज्ञांच्याच हाती लागायला हवी. तोवर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादचे प्राणी जरूर पाहावेत, आणि हत्तीच्या चौथऱ्याखालची भोकं वाकून बघावीत.