दाणा घालण्यापूर्वी

मृग नक्षत्र लागले की डोणगाव, मेहकर, लोणार या पट्ट्यात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. शेतकरी सोयाबीन-तुरीच्या पेरणीला लागतो आणि लांडोर धुऱ्यावरील झुडपाखाली जमीन किंचित उकरून अंडी घालते. अंडी साधारणतः चार ते सहा आणि उबवण सुमारे २८ दिवसांची. हे सारे ती एकटी करते; मोराचे लक्ष पिसाऱ्याकडे अधिक, संसाराकडे कमी. ऐन पावसात पिल्ले बाहेर येतात आणि त्यांतील बरीच पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. मुंगूस, कोल्हा हे निसर्गाचे व्यवहार. तेथे आपला इलाज नाही. परंतु रोगाने व विषबाधेने जी पिल्ले जातात, त्यांत आपल्या दुकानांचा, गोदामांचा आणि आपल्या दानाचाही वाटा असू शकतो. म्हणून हा विषय व्यापारी कुटुंबांपुढे मांडावासा वाटतो.

चातुर्मासात जीवदयेचा ओघ वाढतो. गच्चीवर, चबुतऱ्यावर, शेतातील घरापुढे ज्वारी-मका टाकला जातो. हवेत दमटपणा सर्वाधिक आणि पिल्ले सर्वांत कोवळी, असा हाच काळ आहे. बँकेच्या नोकरीत तारण मालाच्या तपासणीसाठी अनेक गोदामे पाहिली. एक गोष्ट सर्वत्र सारखी दिसली: विकला न जाणारा माल पाखरांच्या नावे निघतो. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी, बुरशी लागलेला मका, वास येणारे शेंगदाणे, पोत्यांखालची झाडणी. हिशेबाच्या वहीत ती नोंद पुण्याच्या बाजूला होते. पाखराच्या पोटात काय होते, ते कोणी पाहत नाही.

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले अल्पावधीत मेली. प्रथम रोगच कळेना. अखेर शोध ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीवरील बुरशीने तयार केलेले विष पिल्लांचे यकृत नासवीत होते. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. टर्की आणि मोर एकाच कुळातले, आणि कोवळ्या पिल्लांना हे विष मोठ्या पक्ष्यांपेक्षा लवकर मारते. धान्य धुऊन किंवा उन्हात वाळवून बुरशी दिसेनाशी होते, विष मात्र राहते. तेव्हा जी ज्वारी आपण घरच्या भाकरीसाठी घेणार नाही, ती पाखरांनाही घालू नये. दाणा थोडा असला तरी चालेल, पण तो कोरडा व निवडलेला असावा.

झाडणीचा धोका याहून मोठा आहे. गोदामात धुरीसाठी ठेवलेल्या सल्फासच्या गोळ्यांची भुकटी, उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष हे सारे केरसुणीने एकत्र होते. बियाण्याचे दुकान असलेल्या बंधूंनी तर विशेष जपावे. बियाण्याला चढवलेला लाल-गुलाबी रंग हा औषध लावल्याची खूण असते. थायरमसारख्या बुरशीनाशकाने कोंबडीच्या पिल्लांच्या पायांची हाडे बिघडतात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लावलेले बी थोडेच खाल्ले तरी पक्षी लुळा पडतो. फाटलेल्या पिशवीतील किंवा मुदत संपलेले बी कधीही उघड्यावर टाकू नये. गिऱ्हाईक शेतकऱ्यालाही एवढे सांगावे की पेरताना धुऱ्यावर सांडलेले दाणे मातीआड करावेत. पिशवी देताना एक वाक्य बोलण्यास पैसा पडत नाही.

आता रोगांविषयी. पावसाळी हगवणीचा कॉक्सिडिया हा सूक्ष्म परजीवी विष्ठेतून बाहेर पडतो, तेव्हा लगेच बाधक नसतो. ओल व ऊब मिळाली म्हणजे एक-दोन दिवसांत तो तयार होतो. नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. कोरडेपणा व ऊन त्याला सोसत नाही. म्हणूनच दाण्याची जागा रोज झाडणे आणि ती दर काही दिवसांनी बदलणे यातच खरा उपाय आहे. पाण्याचे भांडे उथळ असावे, रोज घासून पालथे वाळवावे. दोन भांडी असल्यास आलटून पालटून वापरता येतात.

दुसरा रोग हिस्टोमोनासचा. त्यात यकृत व आतडे सडते आणि विष्ठा गंधकासारखी पिवळी होते. त्याचा जंतू कोंबडीच्या पोटातील जंताच्या अंड्यात लपून जमिनीत दीर्घकाळ टिकतो. कोंबडी स्वतः बहुधा धडधाकट दिसते. टर्की आणि मोराची पिल्ले मात्र त्याला सहज बळी पडतात. आपल्या घरी कोंबड्या नसतात हे खरे, पण शेजारच्या वस्तीत असतात, आणि आपण टाकलेल्या दाण्यावर दोघेही येतात. ज्या अंगणात कोंबड्या चरतात तेथे मोरांसाठी दाणा नकोच. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हाही कोंबड्यांकडून येऊ शकणारा रोग. त्याची लस कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी टोचतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून वस्तीवरील कोंबड्यांच्या लसीकरणास एखाद्या मंडळाने हातभार लावला, तर माझ्या मते ते पोतेभर ज्वारीपेक्षा अधिक मोलाचे दान ठरेल.

पिल्लांचे खरे अन्न दाणा नव्हे, किडे आहे. वाळवी, मुंग्या, नाकतोडे यांतून त्यांना वाढीचे प्रथिन मिळते. अहिंसेच्या दृष्टीने हे ऐकणे काहींना जड जाईल. पण ते त्यांचे आहे, आपण पुरवायचे नाही. शेतातील घरापुढची थोडी झुडपे व गवताची पट्टी राखली आणि तिच्यावर फवारणी केली नाही, एवढ्याने भागते. कुत्रे मात्र पावसाळ्यात रात्री बांधून ठेवावे.

एकटे पिल्लू दिसताच उचलून घरी आणण्याचा मोह होतो. बहुतेक वेळा लांडोर जवळच असते आणि आपण दूर झालो की परत येते. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो असल्याने अंडी उचलणे किंवा पिल्लू पाळणे हा गुन्हा ठरतो, हेतू दयेचा असला तरीही. पिल्लू खरोखर जखमी किंवा लोळागोळा झालेले असेल, तर भोके पाडलेल्या खोक्यात, कोरड्या फडक्यावर, सावलीत ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, घरातील औषध देऊ नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत. एकाच जागी दोन-तीन पक्षी मेलेले आढळले, तर त्यांना हात न लावता तसेच कळवावे आणि तेथील दाणा-पाणी त्याच दिवशी बंद करावे.