बंद दाराआडचे गाणे

वर्ष सरत आले म्हणजे आवडलेल्या पुस्तकांची, नाटकांची, गाण्यांची यादी करण्याची हौस पुष्कळांना असते. मी आयुष्यात अशी यादी एकदाच केली. ती २०२० सालची, आणि तीही इंग्रजी पॉप व इंडी संगीताची. सरकारी कचेरीत फायली हाताळणाऱ्या, मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसाने असल्या वाटेला का जावे, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढचे बोलणे नीट उलगडणार नाही, म्हणून ते आधी देतो.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा मी महाराष्ट्राबाहेर एका जिल्ह्याच्या गावी नेमणुकीवर होतो. रात्रीचा नियंत्रण कक्ष माझ्याकडे होता. वाटेत अडकलेल्या मजुरांचे दूरध्वनी, परवान्यांचे अर्ज, औषधांच्या गाड्या यांत रात्र जाई आणि पहाटे मागच्या दाराने घरी परतावयाचे. घरात सत्तरी ओलांडलेली आई होती, म्हणून मागील अंगाची खोली माझी झाली. ताट उंबऱ्याबाहेर ठेवले जाई. सुमारे दहा आठवडे माझी पंधरा वर्षांची मुलगी मला केवळ आवाजाने भेटत होती. आणि दाराशी उभे राहून रोज बोलावयाचे तरी काय? एके दिवशी ताटाखाली चिठ्ठी आली. तीत एका अल्बमचे नाव होते आणि खाली लिहिले होते, “बाबा, सहा वाजता लावा. मीही लावते.” त्या दिवसापासून कामावर जाण्यापूर्वी भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघे एकच संगीत एकाच वेळी ऐकू लागलो.

आता अल्बम म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी एवढ्याशा अवकाशात राग कसा उभा केला, हे त्यांच्या तबकड्या ऐकणाऱ्यांस ठाऊकच आहे. लांबलचक कृती मुद्रित करावयाची तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या खिशांच्या पुठ्ठ्यात ठेवून विकल्या जात. त्या वहीवरून अल्बम हे नाव पडले. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लांब तबकडी आणली, एका बाजूवर वीसएक मिनिटे बसू लागली, वही गेली आणि नाव राहिले. पुढे कलावंतांना सुचले की या दहा-बारा गाण्यांत काही अंतर्गत नाते असावे. काव्यसंग्रहात कवितांचा अनुक्रम कवी विचारपूर्वक लावतो, तसे. आज तबकडीही जाऊन संगीत आंतरजालावरून थेट कानात येते, तरी तो अनुक्रम टिकून आहे.

‘इंडी’ हा शब्द स्वतंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लाडके रूप आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाशिवाय काढलेले संगीत, एवढाच त्याचा मूळ अर्थ. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या वाद्यवृंदाने आपली चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि इंग्लंडातील पुष्कळ तरुणांना उमगले की, हे आपल्यालाही जमेल. कालांतराने तो शब्द व्यवहाराऐवजी वृत्तीला चिकटला: थोडा खाजगी स्वर, थोडा खडबडीतपणा, यशाविषयी थोडा संकोच. पॉप म्हणजे याच्या उलट, सर्वांना एकदम धरणारे. अशा लोकप्रिय संगीताविषयी विद्वानांना वाटणारी अढी आपणांस नवी नाही. १९५२ नंतर काही काळ याच आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार लावून घेतले होते; श्रोते निमूटपणे सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. मी स्वतः त्या अढीतूनच आलो आहे, हे कबूल करतो.

टाळेबंदीने या संगीतापुढे एक विचित्र पेच उभा केला. आंतरजालावर गाणे एकदा ऐकले गेले तर कलावंताच्या पदरात पडते ते पैशाच्या अंशाच्या हिशेबात. त्यामुळे मधल्या फळीतील गायकाचा संसार चालतो तो दौऱ्यांवर, आणि अल्बम ही बहुधा त्या दौऱ्याची जाहिरात असते. मार्चमध्ये सभागृहे बंद झाली आणि दौरे संपले. मग अल्बम काढावयाचा कशासाठी? लेडी गागासारख्या बड्या गायिकेने आपला अल्बम १० एप्रिलवरून २९ मेपर्यंत मागे नेला, तर इंग्लंडच्या लॉरा मार्लिंगने उलट आपला पुढे येणारा अल्बम अलीकडे ओढून त्याच १० एप्रिलला लोकांच्या हाती दिला. तो एका काल्पनिक मुलीला उद्देशून रचलेला आहे. माझी मुलगी भिंतीपलीकडे असताना तो ऐकणे मला सोपे गेले नाही, एवढेच सांगतो. कलावंतांकडून थेट खरेदी करता येणाऱ्या बँडकॅम्प या संकेतस्थळाने २० मार्च रोजी एक दिवस आपली दलाली, जी एरवी ध्वनिफितींवर शेकडा १५ असे, सोडून दिली. त्या एका दिवसात श्रोत्यांनी त्रेचाळीस लाख डॉलरांचे संगीत व इतर वस्तू विकत घेतल्या. मे महिन्यापासून प्रत्येक महिन्याचा पहिला शुक्रवार तसाच पाळला जाऊ लागला. नियंत्रण कक्षात शिध्याची मोजदाद करणाऱ्या मला हा आकडा फार बोलका वाटला. कोणी तरी गायकांच्याही चुलीचा विचार करीत होते.

पहिल्या चिठ्ठीतले नाव होते ‘फ्यूचर नॉस्टॅल्जिया’, गायिका दुआ लिपा. कोसोव्होतून आलेल्या अल्बेनियन आईबापांची ही लंडनची लेक. अल्बम चोरीने बाहेर फुटला, म्हणून ठरल्या दिवसाच्या आठवडाभर आधी, २७ मार्चला आला. अकरा गाणी, सदतीस मिनिटे, आणि १९७० च्या दशकातील डिस्को नृत्याचा ठेका. नाचघरे बंद असताना नाचाचे संगीत! शेवटची दोन गाणी मला उगाच जोडल्यासारखी वाटतात. परंतु खोलीतल्या खोलीत माझा पाय ठेका धरू लागला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच २७ मार्चला आलेला ‘सेंट क्लाउड’ मात्र माझ्या प्रकृतीचा. केटी क्रचफील्ड ही अलाबामाची गायिका आपल्या घराजवळच्या वॉक्साहॅची नावाच्या ओढ्याचे नाव घेऊन गाते. मद्य सोडल्यानंतरची ही गाणी आहेत. पश्चात्तापाचा बडेजाव त्यांत नाही. सकाळी लवकर उठून अंगण स्वच्छ दिसावे, तसा त्यांचा सूर आहे.

परंतु माझ्या यादीत पहिले स्थान ‘फेच द बोल्ट कटर्स’ या अल्बमचे. कुलपे आणि साखळ्या तोडावयाची मोठी कात्री आण, असा त्या शब्दांचा अर्थ. फियोना ॲपल हिचा पहिला अल्बम १९९६ साली, ती अवघी अठरा वर्षांची असताना आला होता; हा पाचवा, आणि चौथ्यानंतर आठ वर्षांनी. लॉस एंजेलिस येथील आपल्या राहत्या घरात कित्येक वर्षे ती तो घडवीत होती. साथीदारांसह घरभर पावले आपटीत फिरणे, भिंतींवर आणि डब्यांवर ताल धरणे, अशी त्याची रचना. इतकेच काय, मेलेल्या लाडक्या कुत्रीची जपून ठेवलेली हाडेही तालवाद्य झाली, आणि जिवंत कुत्र्यांचे भुंकणे मुद्रणात आले ते तिने तसेच राहू दिले. हे ऐकून कोणी नाक मुरडील. पण मंगळागौरीच्या जागरणात घागर फुंकणाऱ्या, सूप नाचवणाऱ्या आपल्या बायकांना यात परके काय वाटावे? घरातली वस्तू हाती घेऊन घरातले दुःख बोलावयाचे, ही जात्यावरची रीत आहे. जात्याची घरघर ओवीतून वगळता येत नाही, तशी भिंतीची थाप या गाण्यांतून वगळता येत नाही. एका गाण्यात शाळेतली एक मुलगी सहज बोलून जाते की, हिच्यात काही तरी आहे. ते वाक्य जन्मभर पुरते. कंपनीचा विचार ऑक्टोबरपर्यंत थांबण्याचा होता. लोक घरात कोंडलेले असतानाच हे बाहेर यावे, असा गायिकेने आग्रह धरला आणि १७ एप्रिलला ते आले. त्या आठवड्यात माझ्या कक्षात दूरध्वनी सर्वांत जास्त वाजत होता. हा अल्बम मी त्या घंटेच्या मध्यंतरांतच ऐकला.

चार्ली एक्ससीएक्स हिची गोष्ट अगदी वेगळी. इंग्लंडात वाढलेल्या या गायिकेची आई युगांडातून आलेल्या गुजराती कुटुंबातली. तिने ६ एप्रिलला जाहीर केले की, घरात बसून नवा अल्बम करणार, आणि १५ मेला, म्हणजे एकोणचाळीस दिवसांत, तो पुराही केला. कच्ची चाल, अर्धवट शब्द, मुखपृष्ठाचे नमुने ती चाहत्यांना दाखवी आणि त्यांचा कौल घेई. संगीत कर्कश आहे, आवाज यंत्रातून पिळून काढलेला आहे. मला ते अर्धेच पेलले. पण इतक्या तातडीने केलेल्या कामाविषयी मला आदर आहे. आमच्या खात्यात एकोणचाळीस दिवसांत टिप्पणीवर सही होत नाही.

मुलीच्या यादीत पहिला आहे फीबी ब्रिजर्सचा ‘पनिशर’. भेटलेल्या कलावंताला बोलून बोलून हैराण करणारा चाहता, असा त्या शब्दाचा वाद्यवृंदांच्या बोलीतला अर्थ. शीर्षकगीतात ती स्वतःच तशी चाहती होते: २००३ साली वारलेला एलियट स्मिथ हा गायक तिच्याच परिसरात राहत असे, आणि आज तो भेटला असता तर आपण त्याला किती छळले असते, असे ती कल्पिते. अल्बम १९ जूनला यावयाचा होता. अमेरिकेत तेव्हा वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर होते. तिने तो एक दिवस आधीच देऊन टाकला आणि सोबत त्या कार्यासाठी देणगी देण्याची वाट दाखविली. आवाज जवळजवळ कुजबुजीचा. शेवटच्या गाण्यात मात्र तुताऱ्या आणि ढोल चढत जातात, अनेक कंठ एकदम किंचाळतात, आणि सर्व थांबल्यावर तिचा एकटीचा घोगरा, आवाज गेलेला श्वास उरतो. जूनमध्ये माझी कोठडी सुटली होती. आम्ही हे प्रथमच एका खोलीत ऐकले. आई आत येऊन म्हणाली, “कोणाला काही झाले का?”

‘फोकलोर’ २४ जुलैला आला. टेलर स्विफ्टने तो जाहीर केला आदल्या दिवशी. जगातील सर्वांत लोकप्रिय गायिकांपैकी ही एक, आणि तिने साथीला निवडला आरन डेसनर, द नॅशनल या इंडी वाद्यवृंदातला संगीतकार. तो न्यूयॉर्क राज्यातील आपल्या मुद्रणगृहातून सूर धाडी, ती लॉस एंजेलिसच्या घरात त्यांवर शब्द बांधून गाऊन पाठवी; जस्टिन व्हर्नन विस्कॉन्सिनहून आपला स्वर जोडी. सोळा गाणी थोडी अधिकच झाली, उत्तरार्धात सूर एकसुरी होतो. पण तीन गाण्यांत तिघा किशोरांची एकच गोष्ट तीन बाजूंनी सांगण्याची युक्ती कथालेखकाला साजेशी आहे. डिसेंबरमधले त्याचे भावंड, ‘एव्हरमोर’, मला कमी भावले.

आता गंमत पाहा. कुत्र्यांच्या भुंकण्यासह घरात मुद्रित झालेला फियोना ॲपलचा अल्बम सोनीसारख्या बड्या समूहाच्या कंपनीचा. स्विफ्टही मोठ्याच कंपनीची. माझ्या यादीतले व्यवहाराने खरे इंडी दोनच, ‘सेंट क्लाउड’ आणि ‘पनिशर’. पॉप आणि इंडी यांच्यामधली भिंत त्या वर्षी पातळ झाली, कारण सर्वांनाच एका खोलीत, एका यंत्रापुढे बसावे लागले. १४ मार्च २०२१ रोजी ग्रॅमी पारितोषिकांत वर्षाचा अल्बम ‘फोकलोर’ ठरला. पर्यायी संगीताचा ॲपलचा, गायनप्रधान पॉपचा दुआ लिपाचा. ब्रिजर्सला चार नामांकने होती, मिळाले काही नाही. मुलगी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जणू परीक्षक मीच होतो.

डेसनर, स्विफ्ट आणि तिसरे सहकारी जॅक अँटोनॉफ हे अल्बम निघाल्यानंतर, सप्टेंबरमध्ये, त्याच लाँग पाँड मुद्रणगृहात प्रथम एकत्र बसले आणि ती गाणी समोरासमोर वाजविली. त्याचे चित्रण नोव्हेंबरमध्ये प्रसृत झाले. आम्ही ते घरात सर्वांनी मिळून पाहिले. आईने एकच प्रश्न विचारला: “हे लोक आधी कुठे कोंडले होते?”